पाय टेकायचा नाही

धूर दाराच्या कडीपर्यंत खाली आला होता आणि ती मला म्हणत होती, पाय टेकायचा नाही.

"आपा, सोड मना! टेकतंय पाय नि पलतंय," मी ओरडले.

"टेकलास तर दुसऱ्या पायरीवर पडशील. पडशील ती माझ्यावर. मग दोघींचं इथेच होईल. खाली बस."

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी वरच्या मजल्यावरून तोंडाला रुमाल लावून खोकत उतरला होता. आम्ही दोघी जिन्याच्या तोंडाशी, तो आमच्या मागे. त्याला पुढे जायला वाट नव्हती.

"अहो मावशी, टेका ना पाय! मॅडम, इथे जीव जातोय आणि तुम्ही प्लास्टर कसलं घेऊन बसलात!"

तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या हातातला वॉकर हिसकला आणि माझ्याच उघड्या दारातून आत फेकला. तो आत कुठेतरी आपटला. आता धरायला काही उरलं नाही म्हणून मी बसले. लुगड्यात, फरशीवर, जिन्याच्या तोंडाशी.

आमचं घर सीवूड्सला, पाचव्या मजल्यावर. मजल्याच्या त्या टोकाच्या घरातले नवरा-बायको इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी हॉलमध्ये चार्जिंगला लावून कामावर गेले होते. भर दुपारी ती फुटली. माझा मुलगा रबाळ्याला कारखान्यात, सून तिच्या ऑफिसात. घरात मी एकटी, डावा पाय प्लास्टरमध्ये. लाईट गेलेली, लिफ्ट बंद. आणि ही बाई राहायची पहिल्या मजल्यावर. तिने नुसतं दार उघडून बाहेर पडायचं होतं. ते सोडून सत्तरी ओलांडलेली ही बाई खाली पळणाऱ्या माणसांना कोपराने बाजूला सारत वर चढून आली होती. आणि आल्या आल्या पहिलं काय बोलली, तर पाय टेकायचा नाही.

ती कोण होती ते आधी सांगते. नाहीतर हा जिना कळायचा नाही.

ती हाडांची डॉक्टर होती. बाई असून हाडांची. तिच्या काळात बायका बाळंतपणाच्या डॉक्टर व्हायच्या, ही करवत आणि हातोडी घेऊन उभी राहायची. उरणच्या बाजूच्या खाडीकाठच्या मुसलमान घरातली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलं की म्हणायची, "वेळ मिळाला नाही." बिल्डिंगमध्ये सगळे तिला आपा म्हणायचे. सेक्रेटरी तेवढा मॅडम म्हणायचा, कारण तो तिला घाबरायचा.

तिचे हात थरथरायचे. कपबशी दिली की बशी वाजायची. ऑपरेशन करताना हात पहिल्यांदा हलला, त्या दिवशी तिने समोरच्या पेशंटचं काम पुरं केलं, हातमोजे काढले ते परत घातलेच नाहीत. हे तिनेच मला सांगितलं. दूध नासलं म्हणून ओतून दिलं, असं सांगावं तसं सांगितलं. त्यात हाय हाय नव्हती. मला तिच्यात पहिल्यांदा काही आवडलं असेल तर ते हे.

माणसाच्या तोंडाकडे ती बघायचीच नाही. पायांकडे बघायची. लिफ्टमध्ये कोणी बोललं तर ती त्याच्या चपलांना उत्तर देते असं वाटायचं. दार लावलेलं असलं तरी बाहेरून कोण गेलं ते चपलेच्या आवाजावरून सांगायची. मला एकदा म्हणाली, "तुझ्या सुनेचं आज कोणाशी तरी वाजलंय, टाचा आपटत गेली." वाजलं होतं. माझ्याशीच वाजलं होतं.

सेक्रेटरीच्या घरी सत्यनारायणाची पूजा होती तेव्हाची गोष्ट. आपा प्रसादाला वर गेली ती बराच वेळ आतच येईना. कोणी बघायला गेलं तर ही दाराबाहेर खाली बसलेली, आणि लोकांच्या चपला एकेक उलट्या करून बघतेय. बाहेरगावचा एक पाहुणा ओरडला, "अहो, ही बाई चपला चोरतेय!" सेक्रेटरी धावत आला.

आपाने हातातला जोड त्याच्यापुढे धरला. "हा तुमचा ना? सगळा आतल्या बाजूने झिजलाय. गुडघा दुखतो का?"

"छे हो मॅडम, मला काय होतंय?"

आतून त्याची बायको ओरडली, "खोटं नका बोलू! रोज रात्री मला चोळायला लावता!"

सगळे हसले. आपा हसली नाही. तिने जोड जागेवर ठेवला, शेजारच्या जोडाच्या रांगेत नीट लावला आणि प्रसाद घ्यायला आत गेली.

माझा पाय मोडला जासईला, भाच्याच्या हळदीत. मी जासईची. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. डीजे लावलेला, सगळ्या बाया नाचत होत्या, मीही नाचत होते. वयाचं काय घेऊन बसायचं? कंटेनरच्या गाड्यांनी आमच्या गावचे रस्ते खड्ड्यांचे करून ठेवलेत. एका खड्ड्यात पाय गेला आणि आत काहीतरी वाजलं. डीजेच्या आवाजात मला ते पायातूनच ऐकू आलं. पण दुखलं म्हणावं तसं दुखलं नाही. मी चालत जेवायला गेले. मटण खाल्लं. घरी येऊन बघितलं तर घोटा भोपळ्यासारखा सुजलेला आणि पाऊल एका बाजूला फिरलेलं.

ऑपरेशन झालं. हाडाला धातूची पट्टी घातली, स्क्रू घातले. डॉक्टर तरुण होता, हुशार होता, त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. फक्त ते माझ्या मुलाला सांगितलं. मी पलंगावर गोणीसारखी पडलेली आणि हे दोघे माझ्या पायाबद्दल दारात उभे राहून बोलत होते. मुलगा आत आला आणि म्हणाला, "आये, डॉक्टर बोलले, पाय टेकायचा नाय."

"कधीपरयन?"

"ते सांगतील बोलले."

मला हे पटलं नाही. मी लहानपणापासून मिठागरात काम केलेली. खाऱ्या पाण्यात उभी राहून, मीठ ओढून, गोणी डोक्यावर घेऊन माझे तळपाय लाकडासारखे झालेले. ह्या पायांना काचा लागल्या नाहीत, तापलेलं डांबर लागलं नाही. मला वाटलं, शहरातल्या बायकांच्या पायांसाठी हे नियम असतील.

मुलाने आपाला वर बोलावलं. ती आली आणि खुर्ची सोडून जमिनीवर बसली, म्हणजे माझे पाय तिच्या डोळ्यांसमोर येतील.

"पडलीस तेव्हा काय केलंस?"

मी फुशारकीने सांगितलं. मोडल्या पायाने चालत गेले, पंगतीला बसले, मटण खाल्लं. हे ऐकून आमच्या गावात सगळे हसले होते, बाई जबर आहे म्हणाले होते. आपा हसली नाही. तिचं तोंड उतरलं.

"साखर किती वर्षं आहे?"

"हाय बरीच वर्सं. गोली घेतंय ना मी."

तिने पिशवीतून एक काडी काढली. काडीच्या टोकाला नायलॉनचा दोरा होता, गळाला लावतात तसला. म्हणाली, "डोळे मीट. हा दोरा पायाला लावते. लागला की हाय म्हण."

"मोडलेला पाय प्लास्टरात हाय."

"चांगलाच दे."

मी उजवा पाय पुढे केला आणि डोळे मिटले. वाट बघत बसले. बाहेर भंगारवाल्याची हाक येऊन गेली. कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "आपा, कधी लावतेस?"

"लावून झाला," ती म्हणाली. "अंगठ्याला लावला, टाचेला लावला, मध्ये लावला. दोरा वाकेपर्यंत दाबला."

मी डोळे उघडले. खोटं बोलते असं वाटलं. म्हटलं, मिठागरातले पाय हायत, परत लाव, मी बघतंय. तिने माझ्या डोळ्यांदेखत लावला. दोरा वाकला. मला काही कळलं नाही.

"हे मिठागर नाही," ती म्हणाली. "कातडी जाड झाली तरी आतलं कळतं. ही साखर आहे. तुझ्या पायातली जाणीव गेलीय. तुला दुखलं नाही ते तू जबर आहेस म्हणून नाही. हा न मोडलेला पाय असा आहे. तो प्लास्टरातला पण असाच असणार."

आयुष्यभर ज्या गोष्टीचा मला तोरा होता ती एका दोऱ्याने गेली.

"बाकीच्यांचा पाय त्यांना ओरडून सांगतो, पुरे आता. तुझा पाय सांगणार नाही. तू टेकशील, चालशील, खूश होशील, आणि आत स्क्रू हाडातून सुटत जातील. तुला कळेल तेव्हा पाऊल भलतीकडे बघत असेल. मग तो पाय कापायला लागतो. मी कापलेत. तुला दुखत नाही ना, म्हणूनच टेकायचा नाही."

त्या दिवसापासून मी टेकला नाही. पण भांडले रोज.

भांडणाचं कारण सेक्रेटरीची बायको. माझ्या पाठोपाठ तिचाही घोटा मोडला होता, मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर. तिचंही ऑपरेशन झालं. आणि थोड्याच दिवसांत बघते तर बाई पायात मोठा बूट घालून, कुबड्या घेऊन, पाय टेकत टेकत खालच्या बागेत फिरतेय! मी खिडकीत बसून बघितलं आणि माझा जीव जळला. आपा आली तशी मी बरसले.

"तिचा पाय पाय नि माझा काय खांब हाय? तिला टेकवला, मना का नाय?"

"तिला तिच्या डॉक्टरने टेकवला, बरोबर केलं. हल्ली लवकर टेकवतात, ते चांगलंच आहे. हाडाला भार मिळाला की हाड लवकर धरतं, सांधा धरून बसत नाही. पण तिला साखर नाही. तिचं हाड घट्ट आहे. तिच्या पायाला कळतं. तिचं बघून तुझं नाही ठरत."

"मंग माझा कधी?"

ह्या शब्दावर ती नेहमी चिडायची. कधी विचारलेलं तिला खपायचं नाही. "हाडाच्या घरात कॅलेंडर लावलेलं नसतं. कधी नको विचारूस. कसा ते विचार."

"बरं बाय, कसा?"

"फोटोत हाड धरलेलं दिसलं पाहिजे. जखम कोरडी पाहिजे. साखर ताब्यात पाहिजे. तुझा डॉक्टर हो म्हणाला पाहिजे. आणि मी वजनकाटा घेऊन ह्या दारात आले पाहिजे. मी काटा आणला नाही तोवर त्या पायाने जमीन बघायची नाही."

माझ्या डॉक्टरशी ती फोनवर बोलायची. दोघांचं एकच म्हणणं होतं. फरक एवढाच, की तो मुलाला सांगायचा आणि ही मला सांगायची.

मग तिने ते बसून उतरण्याचं काढलं. एके सकाळी आली आणि म्हणाली, "चल, जिन्यात."

"लिफ्ट हाय ना?"

"लिफ्ट बंद पडली तर? तू काय खिडकीतून उडी मारणार? वॉकरने जिना उतरायचा नाही. एका पायावर लंगडी घालत तर अजिबात नाही. बसून उतरायचं. दोन्ही हात मागे टेकव, चांगला पाय खालच्या पायरीवर, मोडलेला पुढे हवेत. हातांवर भार, ढुंगण उचल, एक पायरी खाली ठेव. परत."

सून म्हणाली, आई गाऊन घाला, सोपं जाईल. आपा म्हणाली, गाऊन पायात अडकेल, हिचं लुगडंच बरं, काष्टा मारलेला आहे. मी बसले आणि एक जिना उतरले. वर जाताना तसंच, उलटं. हात भरून आले. मिठाच्या गोणी उचललेले हात होते म्हणून निभावलं.

मग हे रोज व्हायला लागलं. पायरी पायरी करत ढुंगणावर उतरणारी म्हातारी बघायला वरच्या-खालच्या मजल्यांवरच्या बायका दार उघडून उभ्या राहायच्या. एक म्हणायची, "आजी, घसरगुंडी चालली का?" मी म्हणायचे, "ये ना, बस मांडीवर."

सेक्रेटरीला ते आवडलं नाही. त्याच्याकडे फ्लॅट बघायला लोक यायचे. तो जिन्यात उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, बाहेरची माणसं येतात-जातात. काय दिसतं हे? सोसायटीची काही इज्जत आहे की नाही?"

आपा त्याच्या बुटांकडे बघून म्हणाली, "तुम्ही पण शिकून घ्या. तुमच्या गुडघ्याला लागेल."

"मी? असा? मरेन पण असा उतरणार नाही."

"बघू," ती म्हणाली.

आता परत त्या दुपारी येते.

मी जिन्याच्या तोंडाशी बसले आणि पहिली गोष्ट कळली, की खाली बसल्यावर श्वास घेता येतोय. धूर वर होता. उभं असताना डोळ्यांपुढे काळं होतं, बसल्यावर पायऱ्या दिसायला लागल्या. आपा माझ्या पुढे दोन पायऱ्या खाली गेली आणि माझ्याकडे तोंड करून बसली. म्हणजे ती उलटी. तिला तिच्या मागची पायरी दिसत नव्हती. तिने माझं प्लास्टर दोन्ही हातांत धरून आपल्या छातीशी घेतलं.

"हात मागे. चांगला पाय खाली. उचल."

मी उचललं.

"उचल."

तीही तशीच, एक पायरी मागे सरकायची आणि मला सांगायची. तिचे हात थरथरत होते. जिनाभर थरथरत होते. प्लास्टर माझ्या पायावर हलताना मला दिसत होतं. पण पाय एकदाही खाली आला नाही.

मागे सेक्रेटरी उभ्यानेच येत होता; त्याची बायको नशिबाने त्या दिवशी माहेरी होती. खोकला, मग ओकला, मग भिंत धरून डोलायला लागला. तो आता माझ्या डोक्यावर पडणार असं वाटलं.

आपा इतकी मोठ्याने ओरडली की तिचं शाळेतलं मराठी गेलं आणि गावचं आलं. "बस खाली! बस मेल्या, खाली बस! उभा काय रवलास?"

तो बसला. मरेन पण असा उतरणार नाही म्हणालेला माणूस पायरीवर बसला, हात मागे टेकवले आणि माझ्या मागे ढुंगणावर उतरायला लागला. थोड्या वेळाने त्याच्या मागून बायकांचे आवाज आले. वरच्या मजल्यांवरच्या बायका होत्या, रोज दार उघडून हसणाऱ्या. सेक्रेटरी त्यांना ओरडून सांगत होता, "बसा! बसा! बसून या! आजी कशा उतरतात तशा!" त्यांनी मला रोज बघितलेलं होतं. कोणाला काही शिकवावं लागलं नाही.

मी मान वळवून एकदाच बघितलं. वर काळा धूर, आणि त्याच्याखाली ओळीने माणसं, गाऊनमधली, पँटमधली, सगळी बसून, एक एक पायरी खाली येणारी. मी आयुष्यात पुष्कळ बघितलंय. समुद्र बांध फोडून आत आलेला बघितलाय, शेतांवर बुलडोझर फिरलेले बघितलेत. पण असं काही बघितलं नाही. आणि हे सगळं त्या उलट्या बसलेल्या, थरथरत्या हातांच्या बाईमुळे. तिचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ती प्लास्टरकडे बघत होती.

मध्ये एका वळणावर मला वाटलं, आता नाही होत. हातांतलं बळ गेलं. खाली उजेड दिसत होता. मी म्हटलं, "आपा, एवढंच राहिलंय. टेकतंय. एकदाच."

ती खोकत होती. मग म्हणाली, "बाय, मी वर कशाला आले?"

मी हात परत मागे टेकवले.

तिसऱ्या मजल्याच्या खाली धूर विरळ झाला. दुसऱ्या मजल्यावर बंबवाले भेटले, वर पळत येत होते. त्यांच्यातला एक पोरगा आम्हाला बघून थबकला. त्याने मला उचलायला हात घातला तर आपा त्याला म्हणाली, "उचल, पण हा पाय माझ्याकडे राहील." तसंच खाली नेलं. तो मला उचलून, आणि ही शेजारून पाय धरून चालतेय.

खाली आवारात मला खुर्चीत बसवलं. आपा समोर जमिनीवर बसली, प्लास्टर चहूबाजूंनी दाबून बघितलं, बोटं बघितली. म्हणाली, "टेकला नाहीस."

"नाय टेकला."

मग ती तिथेच आडवी झाली. तोंड काळंनिळं पडलं होतं. तिला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. चढताना पहिला धूर तिने उभ्याने खाल्लेला, तो तिच्या छातीत बसला होता. तिला तिथे ठेवून घेतलं. मुलगा रोज जाऊन यायचा आणि मी रोज विचारायचे, कशी हाय. तो म्हणायचा, नाकाला नळी आहे. एक दिवस म्हणाला, आज बोलली. मी म्हटलं, काय बोलली? तो म्हणाला, "बोलली, आईच्या पायाचा नवीन फोटो काढलात काय?"

फोटो काढला. स्क्रू जागच्या जागी होते. माझा डॉक्टर फोटो उजेडाला धरून बघत राहिला. जिन्याची गोष्ट मुलाने त्याला सांगितली तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं आणि मला विचारलं, "कशा उतरलात?" मी सांगितलं. तो म्हणाला, "अजून थोडं थांबू या, मावशी." ह्या वेळी मलाच म्हणाला.

मी थांबले. भांडले नाही. भांडायला समोर कोणी नव्हतं.

मग एका सकाळी पॅसेजमध्ये चपलांचा आवाज आला. हळू, एक पाय जरा घासत. आपाच्या संगतीत राहून मलाही थोडं कळायला लागलं होतं. मी सुनेला म्हटलं, "दार उघड. आपा हाय."

ती दारात उभी होती, हडकली होती, दम लागला होता. काखेत जुना वजनकाटा, सुई फिरणारा. तिने तो माझ्यापुढे ठेवला आणि जमिनीवर बसली. तोवर प्लास्टर निघालं होतं. पाय वाळलेल्या काठीसारखा झाला होता.

"तुझा डॉक्टर हो म्हणालाय. पण सगळा भार नाही. वॉकर धर. चांगला पाय जमिनीवर, हा काट्यावर. पायाला विचारू नकोस, त्याला कळत नाही. डोळ्याने सुई बघ. मी सांगते तिथवर दाब. तिच्यापुढे सुई गेली नाही पाहिजे."

मी डोक्यावरची गोणी नुसत्या मानेने तोलायचे, किती किलोची ते सांगायचे. आणि आता माझा स्वतःचा पाय किती दाबलाय ते मला काट्याकडे बघून कळत होतं. सुई हलली. पायाला काही कळलं नाही, पण सुई हलली.

"बास," ती म्हणाली. "आजचं झालं."

"एवढंच?"

"एवढंच. उद्या परत एवढंच. फोटो चांगला आला की सुई पुढे नेऊ. पाऊल गरम लागलं, सुजलं, लाल झालं, तर तिथेच थांबायचं. रोज संध्याकाळी सुनेला तळवा बघायला सांगायचं."

असं सुई पुढे सरकवत सरकवत तिने मला उभं केलं. आधी वॉकर आणि बूट, मग काठी, मग नुसती मी. घाई एकदाही केली नाही. मी तिला धन्यवाद द्यायला गेले तर म्हणाली, "धन्यवाद कसले देतेस? सुकट कर. कांदा जास्त घाल." मी केली. आम्ही दोघींनी तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्ली. जेवताना ती माझ्या पायाकडेच बघत होती.

सेक्रेटरीने पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं की बसून उतरायचं प्रत्येकाने शिकून घ्यावं. आपा मीटिंगला आलीच नव्हती. बॅटऱ्या घरात चार्ज करायच्या नाहीत असा ठरावही झाला. तो थोडे दिवस पाळला, मग सगळे विसरले.

आपा पुढे तिच्या गावी गेली बहिणीकडे राहायला, आणि तिथेच वारली, हृदयाच्या झटक्याने, दुपारी जेवून पडलेली असताना. मी तिच्या घरी गेले. रस्त्यापासून घरापर्यंत चालत गेले. दाराबाहेर चपलांचा ढीग पडलेला. आत जाण्याआधी मी त्यातली एक उलटी करून बघितली. झिजलेली होती. त्याचा अर्थ काय ते मला कळलं नाही. जोड नीट लावून ठेवला आणि आत गेले.

धुराने ती गेली असं बिल्डिंगमधले काही अजून सांगतात. ते खरं नाही. त्या दुपारी जेवढी माणसं तो जिना बसून उतरली, तेवढी सगळी वाचली. सेक्रेटरी वाचला, वरच्या बायका वाचल्या, आपा वाचली. मी वाचले, दोन्ही पायांसकट.